पिकिंगचे हेलपाटे कसे कमी करायचे: गोदामातला मार्ग आखण्याची क्रमवार रीत

"साहेब, आत्ताच तर ए गल्लीतून आलो, आता मशीन परत तिकडेच पाठवतंय." गोदामात पिकरच्या, म्हणजे ऑर्डरप्रमाणे माल गोळा करणाऱ्याच्या, तोंडून हे वाक्य ऐकू आलं की समजावं, मार्ग आखताना कुठेतरी पायरी चुकली आहे. बहुतेक ठिकाणी चूक एकच असते. डब्ल्यूएमएस (गोदाम चालवणारं सॉफ्टवेअर) बसवलं, सेटिंगमध्ये 'पाथ ऑप्टिमायझेशन' चालू केलं आणि पायपीट कमी व्हायची वाट बघत बसलो. म्हणजे आधी कळस, मग पाया. सिस्टीमला गोदाम दिसत नाही, तिला फक्त लोकेशन मास्टर, म्हणजे जागांच्या पत्त्यांची यादी, दिसते. त्यात जे भरलंय तसंच ती माणसाला चालवते.

म्हणून या लेखात सॉफ्टवेअरचं बटण बऱ्याच उशिरा येतं. क्रम असा आहे: मोजणी, लोकेशन मास्टर, मालाची जागा, चालण्याची पद्धत, क्रमांक, ऑर्डरींची जोडणी, चाचणी. मधली पायरी गाळली तर पुढची फुकट जाते.

उदाहरणासाठी चाकण पट्ट्यातलं दुचाकीच्या सुट्या भागांचं एक मध्यम गोदाम डोळ्यांसमोर धरू. ब्रेक शू, क्लच प्लेट, केबल, ऑइलचे डबे, हेडलाइटच्या काचा, मडगार्ड असा माल. सहा गल्ल्या, ए ते एफ. प्रत्येक गल्ली ३० मीटर लांब, शेजारच्या दोन गल्ल्यांच्या मध्यात ४ मीटर अंतर. पुढे एक आडवी वाट, मागे एक आडवी वाट. पॅकिंगचं टेबल ए गल्लीच्या तोंडाशी. (आमच्याकडे कामगार गल्लीलाच 'लाईन' म्हणतात. या लेखात मात्र 'ओळ' म्हणजे ऑर्डरमधली एका आयटमची नोंद, नाहीतर गोंधळ होईल.)

## १. आधी मोजा, मग हात लावा

एक दिवस पिकरबरोबर स्वतः चाला. केबिनमधून सीसीटीव्हीवर बघणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. पहिला तास तो जपून वागेल, नंतर तुम्ही आहात हे विसरेल. खरी नोंद तिथून पुढची धरा.

वेळ पाच खात्यांत लिहा: चालणं, शोधणं, उचलणं, स्कॅन करणं, थांबणं. पाठ्यपुस्तकं सांगतात की पिकरचा जवळपास निम्मा वेळ चालण्यात जातो. पण तुमच्याकडे तसंच असेल असं नाही. शोधण्यातच वेळ जात असेल तर दुखणं लेबलांचं आहे. थांबण्यात जात असेल तर गर्दीचं किंवा रिप्लेनिशमेंटचं, म्हणजे रिकामे कप्पे भरण्याचं. या दोन्हींवर मार्ग बदलणं हा इलाज नाही.

याशिवाय सिस्टीममधून गेल्या दोन-तीन महिन्यांच्या पिक ओळी काढा. ऑर्डर नंबर, आयटम, लोकेशन, नग, स्कॅनची वेळ, पिकर एवढे रकाने पुरेत. दिवाळीच्या तोंडावरचा महिना एकटा घेऊ नका. त्या दिवसांत चालणारा माल वर्षभर तसा चालत नाही.

तपासणी: एकाच पिकरच्या दोन लागोपाठच्या स्कॅनमधलं अंतर काढून पाहा. बऱ्याच नोंदी दोन-तीन सेकंदांच्या असतील, तर माणसं माल आधी गोळा करून शेवटी एकदम स्कॅन करताहेत. त्या डेटावरून मार्ग आखला तर तो काल्पनिक गोदामासाठी होईल. आधी ती सवय मोडा, मग पुन्हा डेटा घ्या.

## २. लोकेशन मास्टर जमिनीशी जुळवा

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आणि सगळ्यात जास्त फळ देणारं. मोजपट्टी, कागद आणि दोन माणसं घेऊन प्रत्येक रॅकपाशी जा.

कोड एकाच साच्याचा हवा: गल्ली, खण, फळी, कप्पा. उदाहरणार्थ ए-०७-२-१. इथे एक शून्य फार मोलाचं आहे. ते गाळून खणांना १, २, ३ असे आकडे दिले, तर अक्षरांच्या क्रमाने लावणारी सिस्टीम यादी अशी लावते: ए-१, ए-१०, ए-११, ए-१२, ए-२, ए-३. पिकर पहिल्या खणातून थेट दहाव्यात जातो, बाराव्यापर्यंत पोचतो आणि मग दुसऱ्यासाठी मागे फिरतो. मी पाहिलेल्या अर्ध्याअधिक 'सिस्टीम चुकीचा मार्ग देते' या तक्रारींचं मूळ हे एवढंच निघालं. ०१, ०२ लिहा. शंभराच्या पुढे खण जाण्याची शक्यता असेल तर ००१ पासून सुरू करा.

काही सॉफ्टवेअरमध्ये नावाचाच क्रम मार्ग ठरवतो. ओडूमधली 'क्लोजेस्ट लोकेशन' ही पद्धत नाव वाचून वाटते तशी मीटरमध्ये अंतर मोजत नाही, लोकेशनच्या नावांचा अक्षर-अंकांचा क्रम लावते. सॅपच्या ईडब्ल्यूएम या गोदामाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिनांचं (म्हणजे लोकेशनांचं) सॉर्टिंग वेगळं चालवावं लागतं. नवे बिन तयार केल्यावर ते पुन्हा चालवायचं राहिलं की अडचण ठरलेली. तुमचं सॉफ्टवेअर कोणतंही असो, विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: "पिक लिस्टमधल्या ओळी नेमक्या कोणत्या रकान्यावरून लागतात?" त्याचं उत्तर लेखी घ्या. "सिस्टीम ऑटोमॅटिक करते" हे उत्तर नव्हे.

गल्लीतल्या खणांना रस्त्यावरच्या घरांसारखे नंबर द्या. डावीकडे विषम, उजवीकडे सम, आणि सुरुवात नेहमी पुढच्या वाटेपासून. सगळ्या गल्ल्यांत हेच. निम्म्या गल्ल्यांत पुढून आणि निम्म्यांत मागून नंबर लावायचा मोह होतो, 'नागमोडी चालायला सोपं' म्हणून. तो टाळा. पत्ता हा पत्ता राहू द्या. चालण्याचा क्रम वेगळ्या रकान्यात येणार आहे.

मास्टरमध्ये आणखी दोन गोष्टी लागतात: प्रत्येक आयटमचं वजन आणि घनफळ. बहुतेक ठिकाणी तिथे शून्य किंवा एक भरलेलं असतं, कारण रकाना अनिवार्य होता आणि भरणाऱ्याला घाई होती. सगळा माल मोजत बसू नका. सर्वाधिक ओळी येणारे पाचशे आयटम आधी मोजा.

सावधान: खांब, फायर हायड्रंटपुढची मोकळी जागा, बंद केलेली वाट, स्कॅनर चार्जिंगचं टेबल हे सगळं नकाशावर दाखवा. मागची आडवी वाट कागदावर मोकळी आणि प्रत्यक्षात तिथे परत आलेल्या मालाचे पॅलेट, हे चित्र इतकं नेहमीचं आहे की मी ती वाट आधी जाऊन बघतो. मागची वाट अडली तर पुढे सांगितलेलं काहीच चालणार नाही.

## ३. माल योग्य जागी हलवा

सगळ्यात छोटा मार्ग म्हणजे जो चालावाच लागत नाही. चांगल्या जागी ठेवलेला माल कोणत्याही गणितापेक्षा जास्त पावलं वाचवतो.

इथली नेहमीची चूक अशी की एबीसी वर्गवारी (महत्त्वानुसार मालाचे ए, बी, सी असे वर्ग) अकाउंट्सकडून येते आणि ती रुपयांत असते. महागडा क्रँकशाफ्ट 'ए' वर्गात जातो आणि पुढच्या खणात बसतो. महिन्यातून दोनदा कोणी त्याला हात लावतं. चाळीस रुपयांची केबल रोज तीस ऑर्डरींत जाते आणि ती असते एफ गल्लीच्या टोकाला. पायांना किमतीशी देणंघेणं नसतं, फेऱ्यांशी असतं. म्हणून वर्गवारी पिक ओळींच्या संख्येवर करा. नगांवरही नाही. एकाच ऑर्डरमध्ये पाचशे नट गेले तरी हेलपाटा एकच.

मग जास्त ओळींचा माल गल्लीच्या पुढच्या अर्ध्यात, कमरेपासून खांद्यापर्यंतच्या फळ्यांवर आणा. तो सगळा एकाच गल्लीत मात्र कोंबू नका. चार पिकर एकाच ठिकाणी अडकतील आणि वाचवलेली पावलं थांबण्यात जातील. दोन-तीन गल्ल्यांत वाटा.

वजनाचं गणित मार्गाने सोडवायला जाऊ नका, जागेने सोडवा. ऑइलचे डबे ट्रॉलीत तळाशी हवेत, हेडलाइटच्या काचा वर. सिस्टीमला 'जड आधी, नाजूक शेवटी' असा नियम दिला की ती पिकरला सुरुवातीलाच एफला पाठवते, मग परत बीला आणते. द्राविडी प्राणायाम. त्यापेक्षा ऑइल, बॅटऱ्या असा जड माल मार्ग जिथे सुरू होतो तिथे, म्हणजे ए गल्लीत, खालच्या फळीवर ठेवा. काचा आणि आरसे मार्गाच्या शेवटी येतील अशा खणांत. मार्ग आणि वजन यांचं भांडण मग उरत नाही.

बरोबर विकला जाणारा माल शेजारी ठेवावा का? ठेवावा. क्लच प्लेटबरोबर क्लच केबल आणि गॅस्केट हमखास जातं. पण एकाच मापाच्या, जवळपास सारख्या दिसणाऱ्या दोन वस्तू शेजारच्या कप्प्यात नकोत. दोन मॉडेलांचे ब्रेक शू लागून ठेवले की चुकीचा माल जातो, आणि परत आलेल्या एका पार्सलचा खर्च दिवसभराच्या वाचलेल्या पावलांपेक्षा जास्त असतो.

तपासणी: हलवाहलव एका रात्रीत उरकू नका. रोज वीस-तीस आयटम हलवा, प्रत्येकाची सिस्टीममध्ये बिन ट्रान्सफर नोंद झाल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातले दहा आयटम उचलून लोकेशन जुळतं का बघा.

## ४. चालण्याची पद्धत निवडा

आता गणित. आपल्या सहा गल्ल्यांच्या गोदामात एक ऑर्डर आली आहे. कंसातला आकडा म्हणजे पुढच्या वाटेपासून गल्लीत किती मीटर आत: ए (२४), बी (४), सी (६ आणि २६), डी (३), एफ (१० आणि २८). ई गल्लीत काही नाही.

नागमोडी पद्धत: ज्या गल्लीत माल आहे ती पूर्ण पार करायची, पुढची उलट दिशेने. ए, बी, सी, डी मिळून १२० मीटर. डी संपल्यावर माणूस पुढच्या वाटेवर असतो, म्हणून शेवटच्या एफमध्ये २८ मीटर आत जाऊन परत, ५६ मीटर. आडवं चालणं जाऊन-येऊन ४० मीटर. एकूण २१६.

जाऊन-परत पद्धत: प्रत्येक गल्लीत पुढून शिरायचं, सर्वांत आतल्या मालापर्यंत जायचं आणि त्याच वाटेने बाहेर. ४८ + ८ + ५२ + ६ + ५६, अधिक आडवे ४०. एकूण २१०.

मोठी फट सोडण्याची पद्धत: पहिली गल्ली चढून मागच्या वाटेवर जायचं, शेवटची गल्ली उतरून पुढे यायचं. मधल्या गल्ल्यांत मालाच्या दोन जागांमधली सगळ्यात मोठी मोकळी फट चालायचीच नाही. तिच्या मागचा माल मागून शिरून घ्यायचा, पुढचा माल परतताना पुढून. ए ३०, मागून सी ८, एफ ३०, मग परतताना डी ६, सी १२, बी ८, आणि आडवे ४०. एकूण १३४.

ऑर्डर तीच, माणूस तोच, फरक ८२ मीटरचा. दिवसाला अशा ६० फेऱ्या धरल्या तर जवळपास पाच किलोमीटर.

म्हणून तिसरी पद्धत सगळीकडे लावायची? थांबा. आता एखादी दाट फेरी घ्या. सहाही गल्ल्यांत चार-पाच ठिकाणी माल, टोकापासून टोकापर्यंत पसरलेला, सर्वांत आतली जागा २७ मीटरवर, मोठ्यात मोठी फट ७ मीटरची. नागमोडी पद्धतीत सहा गल्ल्या गुणिले ३० अधिक ४०, म्हणजे २२०. फट सोडण्याच्या पद्धतीत मधल्या चार गल्ल्यांत प्रत्येकी ४६, दोन टोकांच्या ६०, अधिक ४०, म्हणजे २८४. जाऊन-परत पद्धतीत ३६४. इथे साधी नागमोडी जिंकते.

थोडक्यात, गल्लीत एखाद-दोन ओळी असतील तर फट सोडा, गल्ली भरलेली असेल तर सरळ पार करा. तुमच्या डेटातून एका फेरीत एका गल्लीमागे सरासरी किती ओळी पडतात ते काढा. निर्णय त्या आकड्यावर घ्या, विक्रेत्याच्या सादरीकरणावर नको.

अचूक सर्वांत छोटा मार्ग काढता येतो का? येतो. आयताकृती गोदामासाठी रॅटलिफ आणि रोझेंथल यांनी १९८३ मध्येच ती रीत दिली, आणि तिला लागणारा वेळ गल्ल्यांच्या संख्येच्या प्रमाणातच वाढतो. म्हणजे संगणकाला ते जड नाही. जड आहे ते माणसाला. अचूक मार्ग कधी अर्धी गल्ली, कधी पूर्ण, कधी उलट असा असतो. पिकरला त्यात तर्क दिसला नाही की तो आपल्या मनाने चालतो. पाच-सात टक्के लांब पण नाकासमोरचा मार्ग मी कधीही पत्करेन.

सावधान: फट सोडायची तर गल्लीत ट्रॉली वळवता आली पाहिजे आणि समोरून येणाऱ्याला वाट मिळाली पाहिजे. रीच ट्रक (उंच फळीवरचा माल काढणारी गाडी) फिरणाऱ्या किंवा एकेरी ठरवलेल्या गल्लीत ही पद्धत चालवू नका. तिथे नागमोडीच.

## ५. चालण्याचा क्रमांक भरा

बहुतेक मध्यम सिस्टीम प्रत्येक ऑर्डरचा मार्ग नव्याने काढत नाहीत. प्रत्येक लोकेशनला एक क्रमांक असतो, कुठे त्याला पिक सिक्वेन्स म्हणतात, कुठे सॉर्ट कोड. पिक लिस्ट त्या क्रमांकाच्या चढत्या क्रमाने लागते. बस. तुमचा खरा 'ऑप्टिमायझर' हा एक रकाना आहे.

नागमोडी क्रमांक देणं सोपं: ए पुढून मागे, बी मागून पुढे, सी पुढून मागे. पण त्यात एक सापळा आहे. बी गल्लीत एकही ओळ नसेल तर? ए संपवून माणूस मागच्या वाटेवर उभा, आणि यादी म्हणते सी पुढून सुरू कर. मग एकतर तो एक गल्ली रिकामी उतरतो, नाहीतर सीमध्ये यादीच्या उलट्या क्रमाने माल घेतो आणि स्कॅनर दर वेळी लाल दिवा दाखवतो. उपाय दोन. सिस्टीममध्ये 'गल्ली उलटवा' किंवा तशा अर्थाचा पर्याय असेल तर तो चालू करा. नसेल तर पिकरला गल्लीच्या आत क्रम मोडायची परवानगी द्या, गल्ल्यांचा क्रम मात्र मोडू देऊ नका.

तुमच्या फेऱ्या विरळ असतील तर याच एका रकान्यातून आणखी फायदा काढता येतो. गल्ल्या मधोमध कापा, १५ मीटरवर जमिनीवर पिवळा पट्टा मारा आणि क्रमांक असे द्या:

१. ए गल्ली पूर्ण, पुढून मागे: १००० पासून.
२. बी, सी, डी, ई यांचे मागचे अर्धे, याच क्रमाने: २०००, २५००, ३०००, ३५०० पासून.
३. एफ गल्ली पूर्ण, मागून पुढे: ४००० पासून.
४. ई, डी, सी, बी यांचे पुढचे अर्धे, परतीच्या क्रमाने: ५०००, ५५००, ६०००, ६५०० पासून.

वरची ऑर्डर या क्रमाने चालून बघा: ए, सीचा मागचा माल, एफ, मग डी, सी, बी. पुन्हा १३४ मीटरच. कोणतंही नवं सॉफ्टवेअर न घेता. दर ऑर्डरला ते इतकं तंतोतंत जुळणार नाही, पण विरळ फेऱ्यांत नागमोडीपेक्षा बहुधा सरस ठरतं.

पूर्ण पार करायच्या गल्लीत (इथे ए आणि एफ) क्रमांक डावा-उजवा असे देत जा: खण १, २, ३, ४. पिकर ट्रॉली मधोमध उभी करून दोन्हीकडचं घेईल. अर्ध्या गल्लीत मात्र आत जाताना डावी बाजू, बाहेर येताना उजवी. त्याला तिथून परत यायचंच आहे, मग ओलांडाओलांड कशाला.

क्रमांक दहा-दहाच्या अंतराने द्या. दोन महिन्यांनी कुणीतरी मधे एक छोटा रॅक लावणारच आहे.

पिकरना तीन नियम तोंडपाठ हवेत. मागे जायचं ते ए मधून. मागच्या अर्ध्यांत एकही ओळ नसेल तर मागच्या वाटेला जायचंच नाही. आणि एफमध्ये काही नसेल तर ज्या शेवटच्या गल्लीत माल आहे तिथूनच खाली यायचं. तिसऱ्या टप्प्यात जास्त चालणारा माल पुढच्या अर्ध्यात का आणला ते इथे कळतं: बऱ्याच फेऱ्यांत मागचा अर्धा लागतच नाही.

तपासणी: प्रत्येक खणातली एक वस्तू असलेली खोटी ऑर्डर टेस्ट सिस्टीममध्ये तयार करा आणि यादी हातात घेऊन स्वतः चाला. जिथे पाय अडखळेल किंवा मागे वळावं लागेल तिथे पेन्सिलने खूण. कार्यालयात बसून एक्सेलमध्ये ही चूक सापडत नाही.

## ६. ऑर्डरी एकत्र करा

एका माणसाने एका फेरीत एकच छोटी ऑर्डर आणणं ही चैन आहे. वरच्या ऑर्डरसोबत दुसरी घ्या: सी (४), डी (८), एफ (२०). ती एकटी आणायला जाऊन-परत पद्धतीने १०४ मीटर लागतात. पहिलीला जोडली तर सी आणि एफमध्ये काहीच वाढत नाही, डीमध्ये पाच मीटर जास्त आत जावं लागतं. म्हणजे वाढ फक्त १० मीटर. वेगवेगळ्या फेऱ्यांचे २३८ मीटर १४४ वर आले.

सिस्टीम साधारणपणे ऑर्डरी आल्या त्या क्रमाने गठ्ठे करते. ते बदला. ट्रान्सपोर्टची गाडी ज्या वेळेला सुटते त्यावर आधी मोठे गट पाडा. प्रत्येक गटात सर्वांत जास्त गल्ल्यांत फिरवणारी ऑर्डर बीज म्हणून घ्या. मग जिच्यामुळे नव्या गल्ल्या कमीत कमी वाढतात अशी ऑर्डर तिला जोडा, ट्रॉलीतले क्रेट भरेपर्यंत. सॉफ्टवेअरमध्ये हा पर्याय नसेल तर गल्ल्यांची यादी असलेला एक रकाना रिपोर्टमध्ये काढून घ्या. सुपरवायझर डोळ्यांनीही बऱ्यापैकी गठ्ठे लावतो.

किती ऑर्डरी जोडायच्या? ट्रॉलीत जितके क्रेट बसतात तितक्याच, त्याहून एकही जास्त नाही. आठ क्रेटच्या ट्रॉलीवर बारा ऑर्डरी लादल्या की चार पिशव्या दांडीला लटकतात आणि पॅकिंगच्या टेबलावर माल वेगळा करायला दुसरा माणूस बसतो. वाचलेली मजुरी तिथे गेली. दुसऱ्या टप्प्यात घनफळ का भरायला सांगितलं तेही इथे कामाला येतं. घनफळ नसेल तर सिस्टीम एक मडगार्ड आणि एक स्पार्क प्लग सारखेच मोजते.

सावधान: गठ्ठ्याची फेरी दाट होते. चौथ्या टप्प्यातला गल्लीमागच्या ओळींचा आकडा आता पुन्हा काढा. गठ्ठे लावल्यावर तो इतका वाढू शकतो की कापलेल्या गल्ल्यांपेक्षा साधी नागमोडी पुन्हा बरी ठरते. म्हणूनच क्रमांकाची लेबलं रॅकवर छापू नका. रॅकवर फक्त पत्ता. क्रमांक सिस्टीमच्या पोटात, हवा तेव्हा बदलता येईल असा.

## ७. रिकामा कप्पा म्हणजे फुकटचा हेलपाटा

पिकर बरोबर ठिकाणी पोचला आणि कप्पा रिकामा. मग तो वरच्या फळीवरचा पॅलेट उतरवायला रीच ट्रक शोधतो, किंवा ओळ सोडून पुढे जातो आणि शेवटी त्याच जागी परत येतो. एका रिकाम्या कप्प्यामुळे आखलेला सगळा मार्ग वाया जातो.

प्रत्येक जास्त चालणाऱ्या आयटमला किमान आणि कमाल साठा ठरवा. किमान म्हणजे साठा भरून येईपर्यंतच्या वेळेत जाणारा माल, वर थोडी उशी. ऑर्डरींचा गठ्ठा सोडण्याआधी सिस्टीमला विचारा, या गठ्ठ्यानंतर कोणते कप्पे किमानच्या खाली जातील? ते आधी भरा, मग गठ्ठा सोडा. रीच ट्रकचं काम दुपारच्या सुट्टीत किंवा सकाळी पिकिंगच्या आधी उरका. पिकर आणि रीच ट्रक एकाच गल्लीत एकाच वेळी नकोत. हे पावलांसाठी कमी, सुरक्षेसाठी जास्त.

## ८. चाचणी, तीही साध्या आठवड्यात

दोन पिकर निवडा, एक जुना आणि एक नवा. फक्त जुना निवडला तर त्याला गोदाम पाठ असतं, त्याचं चालणं यादीवर अवलंबून नसतं. फक्त नवा निवडला तर सगळा दोष त्याच्या माथी मारला जातो. आठवडाभर ते नव्या क्रमाने चालतील, बाकीचे जुन्या. महिनाअखेर आणि सणाचे दिवस टाळा.

मोजायचं काय? तासाला किती ओळी, ओळीमागे किती मीटर आणि चुकीच्या पिकचं प्रमाण. तिन्ही एकत्र बघा. ओळी वाढल्या आणि चुकाही वाढल्या तर तुम्ही फक्त माणसांना पळवलंय.

रोज संध्याकाळी दहा मिनिटं दोघांशी बोला. "मशीन कुठे उलटं पाठवतं?" एवढाच प्रश्न. मामा मंडळींना यातलं पुष्कळ कळतं, फक्त त्यांना कोणी विचारलेलं नसतं. एका ठिकाणी सगळे पिकर डी गल्ली मागूनच शिरत, यादी काहीही म्हणो. कारण विचारलं तर म्हणाले, पुढच्या तोंडाशी वरचा दिवा बंद आहे, लेबल दिसत नाही. ट्यूब बदलली, मार्ग आपोआप सुधारला.

क्रम मोडला की स्कॅनरवर कारण निवडायला लावा. पर्याय चारच: वाट अडलेली, कप्पा रिकामा, माल जुळत नाही, इतर. दहा पर्याय दिले की सगळे पहिलाच दाबतात.

## ९. चालू झाल्यावर कुठे लक्ष ठेवायचं

पिक ओळींवरची वर्गवारी तीन महिन्यांनी पुन्हा काढा. सगळा माल हलवू नका, वर्ग बदललेले वरचे तीस-चाळीस आयटम पुरेत. पावसाळ्याच्या आधी ब्रेक शूची मागणी चढायला लागली की ते एक खण पुढे सरकवणं एवढंही चालतं.

नवा रॅक लागला की तीन नोंदी एकत्र: पत्ता, मापं, क्रमांक. क्रमांक रिकामा राहिलेलं लोकेशन काही सिस्टीममध्ये शून्य धरलं जातं आणि यादीत सगळ्यांत वर येतं, काहींत सगळ्यांत खाली जातं. दोन्हीकडे हेलपाटाच. क्रमांक नसलेल्या लोकेशनांचा रिपोर्ट दर सोमवारी आपोआप मेलवर येईल अशी सोय करून घ्या.

शेवटचं म्हणजे 'टेम्पररी' लोकेशन. प्रत्येक गोदामात एक झेड-९९ असतं. इनवर्डवाल्याला (आलेला माल आत घेणाऱ्याला) जागा मिळाली नाही, परत आलेला माल कुठे ठेवायचा कळलं नाही, की सगळं तिथे जातं. कागदावर ते एक लोकेशन असतं, प्रत्यक्षात मागच्या वाटेवर पसरलेले पंधरा पॅलेट. पिकर तिथे पोचतो आणि शोधत बसतो. त्याला पिकिंगसाठी बंद करा, म्हणजे सिस्टीम तिथून माल देणारच नाही. आणि तिथला प्रत्येक नग २४ तासांत पक्क्या जागी जाईल याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहा. पहिल्या आठवड्यात इनवर्डवाले कुरकुरतील, कारण त्यांचा अडगळीचा कोपरा गेलेला असतो.